एका ऐरणीसाठी दोन प्रदर्शनं

माझं डोकं लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. म्हणोत. हाताने चाकू बनवणाऱ्यांच्या संस्थांमध्ये दोन वर्षं घासून निघाल्यावर ज्याचं डोकं थंड राहील, त्याला मी घरी जाऊन नमस्कार करीन आणि त्यालाच अध्यक्ष करीन.

जळगावात आमची संस्था आहे आणि धुळ्यात त्यांचं मंडळ आहे. दोन्हीकडचे मिळून प्रत्यक्ष चाकू बनवणारे मोजले तर डझनही भरत नाहीत. पण अध्यक्ष दोन, सचिव दोन, लेटरहेडं दोन, व्हॉट्सअॅपचे ग्रुप दोन. मी दोन्ही ग्रुपवर आहे, त्यामुळे दोन्हीकडे मला ‘तिकडचा’ म्हणतात. आमचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले साहेब. त्यांना चाकू जमवायचा शौक आहे, बनवायचा नाही. धुळ्याचे अध्यक्ष म्हणजे शेठ, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दोघांनीही आयुष्यात तापलेलं लोखंड सांडशीत धरलेलं नाही. चाकू कसा असावा हे मात्र दोघांना पाठ.

मी स्वतः जातीचा लोहार नाही. वाढलो दीपनगरच्या वसाहतीत, वडील वीजकेंद्रात होते, मी फिटरचं काम शिकलो. पहिला चाकू केला तो तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा, आईच्या भाजीसाठी. ती तो शेवटपर्यंत वापरायची आणि शेवटपर्यंत त्याला नावं ठेवायची. आता जळगावच्या एमआयडीसीत माझं पत्र्याचं एक शेड आहे. ट्रकच्या कमानीचा पाटा आणायचा, ग्राइंडरने आकार कापायचा, पट्ट्यावर घासायचा, मूठ बसवायची. घडवणं मला येत नाही. म्हणजे हातोडा मारता येतो, पण लोखंड ऐकत नाही. आणि पातं नुसतं कापून घासून सुरी होत नाही, त्याला पाणी द्यावं लागतं. लाल झालेलं पातं नेमक्या क्षणी विझवायचं. क्षण चुकला की पातं एक तर काचेसारखं तडकतं, नाही तर पत्र्यासारखं वाकतं.

ते पाणी द्यायचं काम नानांचं. नाना धुळ्यात जुन्या वस्तीत राहायचे, मोठ्या बहिणीसोबत. बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आम्हीही म्हणायचो. नानांची भट्टी घराच्या पुढच्या खोलीत आणि ऐरण दाराशी, बाभळीच्या ओंडक्यात बसवलेली. ऐरण त्यांच्या वडिलांची. एक कोपरा झिजून गोल झालेला. नाना म्हणायचे त्या कोपऱ्यावरच खरं काम होतं. आता गंमत ऐका. जळगावचा माणूस असो नाही तर धुळ्याचा, प्रत्येकाचं पातं पाण्यासाठी नानांकडे. धुळ्याच्या लोहारांना घासायचे पट्टे आणि मुठीचे रिव्हेट लागले की ते माझ्याकडे. आतून सगळे एकमेकांच्या जिवावर जगत होते आणि बाहेर सभांमध्ये एकमेकांची उणीदुणी काढत होते. एसटीत माझ्या शेजारी बसून पातं नेणारा माणूस सभेत उठून म्हणायचा, तिकडच्यांचं काम आपल्या तोडीचं नाही. मी त्याच्याकडे बघायचो, तो छताकडे बघायचा.

नानांच्या डोळ्यांवर पडदा आला तेव्हा प्रश्न पडला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याचा काही उपयोग झाला नाही. कान तर घणाखाली कधीच गेले होते. पाणी देणं थांबलं, जो तो ते घरीच जमेल तसं उरकायला लागला. पण बोटं शाबूत होती. सुरी त्यांच्या हातात दिली की पात्याच्या पाठीवरून ते बोट फिरवायचे, मग धार अंगठ्याच्या नखावर टेकवायचे, आणि सांगायचे. कुठे जाड राहिली, कुठे ताप जास्त लागला, मूठ कोणत्या सुताराची. एकदा माझ्या सुरीवर बोट फिरवून म्हणाले, घासताना तुझं लक्ष नव्हतं, घरी भांडून आला होतास. खरंच भांडून आलो होतो.

त्यांनीच एक दिवस विषय काढला. मुलगा सुरतला, त्याला या कामाशी देणंघेणं नाही. “मन्हं आते काय खरं नही,” ते म्हणाले. “पोऱ्या घर इकी टाकी. ऐरण भंगारमा जाई. बठ्ठासनी एकेक सुरी मन्हापुढे मांड. डोया गयात, बोटे शेतस अजून. हात लाईसन देखसू. जेन्हा हात चांगला, तेन्ही ऐरण.”

एवढंच त्यांचं मागणं. सगळ्यांची एकेक सुरी समोर हवी. ज्याचा हात चांगला, ऐरण त्याची. मुलाने घर विकून ती भंगारात घालायच्या आत.

खोटं कशाला बोलू, ती ऐरण मला हवी होती. घडवता न येणाऱ्या माणसाला ऐरण कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझी बायकोही तेच म्हणाली. पण मला वाटायचं, ती माझ्या शेडमध्ये आली की लोखंड माझं ऐकायला लागेल. पन्नाशी उलटलेला माणूस असं काही मनात धरून बसतो हे लाजिरवाणं आहे, तरी धरून होतो.

आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर प्रदर्शन. दोन्ही जिल्ह्यांचं मिळून एक. सगळे कारागीर एका छताखाली, सगळ्यांच्या सुऱ्या एका रांगेत, नाना रांगेतून हात फिरवत जातील, लोक बघतील. नानांनी प्रदर्शनाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ते खूळ पूर्ण माझं.

पहिली सभा जळगावात. साहेब म्हणाले, कल्पना उत्तम, पण आमच्या नियमाप्रमाणे पातं आणि मूठ एकाच हाताची हवी, तरच तो हस्तनिर्मित चाकू. झालं. धुळ्याचे लोहार मूठ सुताराकडून बसवतात, पिढ्यान्‌पिढ्या. म्हणजे सगळे बाद. मग धुळ्यात गेलो. शेठ म्हणाले, भाऊ, या ना, आनंदाने या, पण पातं ऐरणीवर घडवलेलं पाहिजे, मशीनवर कापलेलं आमच्यात चालत नाही. म्हणजे मी बाद, आणि माझ्याबरोबर अख्खं जळगाव बाद. दोन्ही नियम लावले तर अख्ख्या खानदेशात एकही सुरी टेबलावर ठेवता आली नसती. मी हे दोन्हीकडे बोललो. दोन्हीकडे मला सांगण्यात आलं की दर्जाशी तडजोड नाही.

दर्जा. ज्यांची सुरी कांदा कापताना घसरते ते दर्जाबद्दल बोलत होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

मग नावाचा वाद. बॅनरवर आधी संस्था की आधी मंडळ. मी म्हटलं, गोल बॅनर छापू, ज्याला जिथून वाचायचं तिथून वाचा. साहेबांनी ते खरं मानलं आणि छापणाऱ्याला विचारून आले. मग जागेचा वाद. जळगाव नको, धुळे नको, मध्ये पारोळा घ्या. शेठ म्हणाले, पारोळा तुमच्याच जिल्ह्यात. मी म्हटलं, शेठ, मग रस्त्याच्या मधोमध टेबलं मांडू का? मग ऐरणीचा वाद. नाना ऐरण देणार ही बातमी दोन्हीकडे पोहोचली होती. साहेबांना ती संस्थेच्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायची होती. शेठ म्हणत, धुळ्याची ऐरण धुळ्याबाहेर गेली तर मी धुळ्यात तोंड दाखवणार नाही. नानांना काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं तर साहेब म्हणाले, त्यांच्या भावनांचा आदर करून समिती निर्णय घेईल.

पहिलं वर्ष असं गेलं. त्या वर्षी दोघांनी आपापली प्रदर्शनं एकाच रविवारी लावली, मुद्दाम. मी सकाळी जळगावला आणि दुपारी धुळ्यात. दोन्हीकडे टेबलं जास्त, सुऱ्या कमी, आणि माणसं त्याहून कमी. धुळ्यातून निघताना नानांकडे डोकावलो. त्यांनी विचारलं, आणल्या का सुऱ्या? मी म्हटलं, नाना, जमवतोय. एकत्र आणतोय सगळ्यांना. अक्का म्हणाल्या, भाऊ, चहा तर घे. मला चहासुद्धा कडू लागला.

याच धावपळीत यावलच्या बाजारात मला एक बाई भेटली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, केळीच्या बागांमध्ये मजुरी करणाऱ्यांना विळे आणि कोयते विकायला बसलेली. तिच्यापुढे विळ्यांमध्ये दोनच सुऱ्या होत्या, केळीचं पान कापायच्या. एक उचलली आणि पाठीवरून बोट फिरवलं. पाठीकडून धारेकडे पातं असं उतरत आलं होतं की कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते बोटाला कळत नव्हतं. मूठ अंजनाच्या लाकडाची, तीही तिनेच तासलेली. बापाकडून शिकले म्हणाली. ऐरण नाही, रेल्वेच्या रुळाचा तुकडा जमिनीत पुरलाय, त्यावर ठोकते. पाणीही स्वतःच देते. म्हणजे संस्थेच्या नियमातही बसणारी आणि मंडळाच्या नियमातही बसणारी एकच व्यक्ती, आणि ती कोणाचीच सभासद नव्हती. मी तिला ताई म्हणालो, वयाने बरीच लहान होती तरी. दोन्ही ग्रुपवर तिच्याबद्दल लिहिलं. जळगावहून उत्तर आलं, फॉर्म भरायला सांगा. धुळ्याहून अंगठा आला.

दुसऱ्या वर्षी चमत्कार झाला. साहेब आणि शेठ एका गोष्टीवर सहमत झाले. तारीख. साहेबांनी फोनवर सांगितलं, “खंडेनवमी. शस्त्रपूजनाचा दिवस आणि शस्त्रांचं प्रदर्शन. यासारखा योग नाही.” शेठही म्हणाले, वा. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीला वा म्हणाले, आणि मला इतकं बरं वाटलं की मीही वा म्हणालो. पारोळ्याचं मंगल कार्यालय ठरलं. आधी मंडळाचं नाव, खाली संस्थेचं, अक्षरं सारखी.

आता सांगा, यात काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं की नाही? आमच्या कोणाच्या आलं नाही. मी स्वतः दर खंडेनवमीला ग्राइंडरला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो आणि दिवसभर त्याचं बटण दाबत नाही. लहानपणापासून बघत आलोय. दीपनगरला वडिलांच्या खात्यात पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा त्या दिवशी पाटावर असायचे. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो पारोळ्याला.

सकाळी पूजा झाली. सगळ्या सुऱ्या एका लांब टेबलावर, एका रांगेत, हळदकुंकू लावून, वर झेंडू. अगदी मी मनात रंगवली होती तशी रांग. मग साहेब माइकवर म्हणाले, आता कापण्याची स्पर्धा. त्यासाठी केळीचे खांब आणून उभे केले होते. धुळ्याचा एकही लोहार जागचा हलला नाही. पुजलेलं हत्यार उचलायचं कसं? आमच्यातलेही एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई सुरी विकत घ्यायला आली, तिला कोणी सुरी हातात देईना. उद्या या, म्हणाले. उद्या इथे मी कशाला येऊ, असं म्हणून ती गेली. साहेब माझ्यावर खेकसले, आधी सांगायचं नाही का? शेठ म्हणाले, तिकडच्यांनी मुद्दाम हा दिवस काढला. केळीचे खांब शेवटी दाराला बांधले, लग्नाला बांधतात तसे.

नानांना मी गाडी करून आणलं होतं. अक्कांनी त्यांना नवा सदरा घालून दिला होता. मी त्यांना हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि कानाशी ओरडलो, “नाना, सगळ्यांच्या सुऱ्या आहेत. एका रांगेत.” त्यांनी वास घेतला. झेंडूचा वास. मग दोन्ही हात मागे घेतले.

“आज नही,” ते म्हणाले. “आज त्या देव शेतस. हात लावाना नही. सकाय देखसू.”

मी विनवलं. म्हटलं, नाना, उद्या कोणी थांबणार नाही हो, दसरा आहे, सगळे घरी पळतील. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. खुर्चीवर बसून राहिले, हात मांडीवर. बाजूने लोक जात होते, पाया पडत होते, फोटो काढत होते. संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या सुऱ्या हार काढून पिशवीत भरल्या. दिवाळीनंतर बघू, म्हणाले.

घरी येऊन मी दोन्ही ग्रुपवर काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रुसून बसलो. महिनाभर फोन घेतला नाही कोणाचा. मी रुसलो होतो संस्थांवर, आणि गेलो नाही नानांकडे. हे मला आता लिहिताना कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं.

दिवाळीनंतर अक्कांचा फोन आला. नानांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. बोलतात थोडं. “सुऱ्या मागतात,” अक्का म्हणाल्या. “रोज विचारतात, भाऊ आला का.”

तेव्हा मी कापडी पिशवी घेतली आणि निघालो. पहिली सुरी आमच्याच गल्लीच्या टोकाच्या माणसाकडून. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, त्याने आत जाऊन सुरी आणून दिली. पाच मिनिटं लागली. मग भुसावळ, मग पाचोरा, मग धुळ्याचे लोहार एकेक करून. कोणी नियम काढला नाही, बॅनर काढला नाही. मंडळाचा जो माणूस सभेत मला तोंडावर मशीनवाला म्हणाला होता, त्याने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि म्हणाला, नानांना माझा नमस्कार सांगा. शेवटी यावल. ताईला सगळं समजावून सांगितलं, ऐरण काय, कोणाची, कशासाठी. ती म्हणाली, नवीन करून देऊ का, आठ दिवस द्या. मी म्हटलं, वेळ नाही. मग तिने घरातून स्वयंपाकाची सुरी आणली, धुऊन पुसून दिली. म्हणाली, ही घ्या, ही माझ्या रोजच्या हातातली आहे.

आठ दिवसांत अकरा सुऱ्या. दोन वर्षं मी सभा घेत बसलो होतो. एक पिशवी आणि एसटीचा पास, एवढंच लागत होतं. नाना तेच सांगत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये मी त्या अकरा सुऱ्या मांडल्या आणि तपासल्या. कागद कापला, टोमॅटो कापला, केळीचं पान कापलं. पाठ बघितली, वाकवून बघितली. ताईची सुरी सगळ्यांच्या पुढे होती. थोडी पुढे नाही, खूप पुढे. दुसरी धुळ्याच्या त्या तोंडाळ माणसाची. माझी तिसरी. चौथीही म्हणता आली असती.

धुळ्याला पोहोचलो तेव्हा दुपार होती. नाना खाटेवर, भिंतीला टेकवून बसवलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी समोर गोधडी अंथरून सुऱ्या मांडल्या, एका रांगेत, आणि पहिली त्यांच्या उजव्या हातात ठेवली. ती मांडीवरून घसरून खाली पडली. मी उचलली आणि डाव्या हातात दिली. त्यांनी धरली. घट्ट धरली. पण तो डावा हात आयुष्यभर सांडशी धरणारा. तळव्याची, बोटांची कातडी टाचेसारखी. त्या हाताला फक्त धरणं माहीत होतं. त्यांनी बोट पाठीवर फिरवायचा प्रयत्न केला. दुसरी दिली, तिसरी दिली. ताईची दिली. प्रत्येक वेळी ते धरायचे, थांबायचे आणि कळत नाही म्हणून मान हलवायचे. अकरावी झाल्यावर त्यांनी हात गोधडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांनी पदराने पुसलं.

मग ते म्हणाले, शब्द जड होते पण कळले. “तुले डोया शेतस. तू सांग. कोन्ही चांगली?”

मी गोधडीकडे बघितलं. ताईची सुरी मधोमध होती, वापरून काळी पडलेली, मुठीवर हळदीचा डाग. माझी कडेला, चकचकीत. दारात ऐरण होती. मी म्हणालो, “माझी.”

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मला ते परत म्हणावं लागलं, ओरडून. गल्लीला ऐकू जाईल इतकं. “माझी, नाना. माझी चांगली.”

“बठ्ठास्मा?”

“हो. सगळ्यांत.”

त्यांनी मान हलवली. चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हसली. “मंग ली जाय,” ते म्हणाले.

चार जणांनी मिळून ऐरण टेम्पोत चढवली. पुढच्याच आठवड्यात नाना गेले. भंगारात जायच्या आत ऐरण हलली याचं अक्कांना समाधान होतं. त्या मला तसं म्हणाल्याही.

आणि मग संस्था आणि मंडळ एकत्र आले. खरंच आले. नानांनी स्वतः निवडलेला कारागीर म्हणून माझा संयुक्त सत्कार ठेवला, जळगावात, एकाच बॅनरखाली. ऐरण कोणाच्या कार्यालयात गेली नाही, म्हणजे कोणी जिंकलं नाही, म्हणून दोघंही खूश. ती धुळ्याबाहेर गेली हे शेठनी नानांचा शब्द म्हणून सोडून दिलं. साहेबांनी शाल दिली, शेठनी नारळ दिला. शेठ भाषणात म्हणाले, नानांच्या बोटांनी न्याय केला. टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षीपासून एकच प्रदर्शन, नियम सैल करून, असंही तिथेच जाहीर झालं. मी शाल अंगावर घेऊन बसलो होतो आणि मला कोणाचा तरी राग करायचा होता, पण त्या दिवशी राग करण्यासारखं कोणी काही वागलंच नाही.

यावलची ताई एसटीने आली होती. मागच्या खुर्चीवर बसली होती. कार्यक्रम संपल्यावर पुढे आली, मी तिची सुरी पिशवीतून काढून दिली. तिने अभिनंदन केलं, मनापासून केलं. मग म्हणाली, “दादा, नानांनी माझी सुरी हातात घेतली होती ना?”

“घेतली होती.”

“काय म्हणाले? कुठे कमी पडली? सांगितलं तर सुधारता येईल.”

लोक आजूबाजूला होते, फोटोवाला थांबला होता. काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “पाठ जाड वाटली त्यांना.”

तिने सुरी उलटी करून पाठ बघितली, बोट फिरवलं आणि मान डोलावली.

दोन महिन्यांनी ती शेडवर आली. ऐरणीला वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून नवी सुरी काढून माझ्या हातात दिली. पाठ घासून पार बारीक केली होती. मी केळीच्या पानावर चालवली तर पातं वळत होतं, धार एका बाजूला पळत होती. अशी सुरी यावलच्या बाजारात कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. म्हणाली, नानांचा शब्द म्हणून आता सगळ्याच सुऱ्या अशा करते आहे.